आईच्या बटव्यातले जाड पाच रुपये

मी नाणी विकत घेत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नाणी जमवते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच मखमलीची पेटी, भिंग आणि एखादी सोन्याची मोहोर येते. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे आहेत ते रिक्षावाल्यांनी, कंडक्टरांनी आणि किराणा दुकानदारांनी परत दिलेले सुट्टे पैसे. नियम एकच, आणि तो मीच केलेला असल्यामुळे काटेकोर पाळते. नाणं व्यवहारात आपणहून हातात यायला हवं. मागायचं नाही, बदलून घ्यायचं नाही, आणि प्रदर्शनात टाय लावून बसलेल्या माणसाकडून चौपट किमतीला तर मुळीच घ्यायचं नाही. विकत काय, कोणीही घेईल.

हल्ली हा छंद चालवायचा तर कातडी जाड लागते. मी रोख पैसे पुढे केले की आमच्या कर्वेनगरातले दुकानदार असे बघतात, जणू मी त्यांच्याकडे उधार मागतेय.

"मॅडम, स्कॅन करा ना."

"माझ्याकडे खरे पैसे आहेत."

"खरे ठेवायला आमच्याकडे जागा नाही."

असे संवाद मला पाठ आहेत. मी तरीही नोट पुढे धरून उभी राहते. बारावीच्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला उभं राहण्याची सवय असते. शेवटी तो गल्ल्यातून चिडून मूठभर नाणी काढतो आणि काउंटरवर आपटतो, आणि मला तेच हवं असतं.

नाण्यात बघण्यासारखं काय असतं, असं विचारणाऱ्याला मी आधी सालाच्या खाली बघायला सांगते. तिथे बारीक ठिपका असेल तर नाणं नोएडाच्या टांकसाळीतलं. बर्फीसारखा तिरका चौकोन असेल तर मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. आयुष्यभर नाणी हाताळलेल्या माणसांना हे माहीत नसतं आणि सांगितलं की ती लगेच खिसे उलटे करतात. माझ्या भावानेही केले होते.

या सगळ्यात माझा जीव होता तो पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्यावर. वजनदार, कडेला मधोमध खाच असलेलं, टेबलावर ठेवलं तर आवाज करणारं. पुढे पाच रुपये हलके झाले, मग पिवळे झाले, आणि ही जाड नाणी बघता बघता बाजारातून दिसेनाशी झाली. वितळवून त्यांची दाढीची पाती करतात म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही. मी मात्र सुट्ट्यांत आलेलं एकेक जाड नाणं बाजूला ठेवत गेले आणि वर्षवार, टांकसाळीवार त्यांची एक रांग लावली. एका सालाचं चांदणीवालं नाणं कित्येक वर्षं हुलकावण्या देत होतं. ते हडपसरला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरने दिलं, तेव्हा मी माझा थांबा चुकवला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

हडपसरला माझा थोरला भाऊ राहतो. दादा. मोठ्या संकुलात, अकराव्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि मुलगी शिकायला बंगळुरूला असते, म्हणजे तो तिथे एकटाच. मी आणि आई कर्वेनगरात, पहिल्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही, आणि ते का, हे विचारण्याचा लोकांचा उत्साह आता ओसरला आहे.

आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला तेव्हा ती ऐंशीची होती. तिला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे रस्त्यावरून ती व्यवस्थित चालते, दारातली चप्पल तिला दिसते, पण समोरच्या माणसाचा चेहरा आणि हातातली नोट दिसत नाही. तरीही मी कॉलेजला गेले की ती पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे जायची. रोज. भाजी फ्रीजमध्ये पडून असली तरी जायची. घराबाहेर पडून चार माणसांशी बोलून आल्याशिवाय तिचा दिवस सुरूच होत नसे.

मग गेल्या चैत्राच्या आधी तिने एका फिरत्या फुलवाल्याला पन्नासाची समजून पाचशेची नोट दिली. त्याने ती घेतली आणि तो सायकल मारून गेला. रागाच्या भरात मी ते दादाला फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन दारात हजर.

"आई, तू माझ्याकडे चल," तो बसायच्या आधीच म्हणाला. "ही दिवसभर कॉलेजात. तुला पैसे दिसत नाहीत. उद्या कोणी घरात शिरेल. माझं काम घरूनच चालतं, मी समोर असेन."

"अकराव्या मजल्यावर ती भाजी कुठून आणणार?" मी विचारलं.

"दहा मिनिटांत दारात येते."

"दारात येते, त्यात बोलायला कोण असतं?"

आई पोळीच्या डब्याचं झाकण लावत बसली होती, आणि आमचं भांडण चालू असलं की ती नेहमी काहीतरी झाकत किंवा पुसत बसते. मला मात्र स्पष्ट दिसत होतं. आईला इथून उचलून तिकडे नेलं की ती खिडकीत बसून राहणार आणि वर्षभरात म्हातारी होणार. ऐंशीची होती, पण म्हातारी झालेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाटलं की दादाला घरात स्वयंपाकघर हलतं ठेवणारं कोणीतरी हवंय.

"नोटा दिसत नाहीत ना? मग नोटा बंद," मी म्हणाले. "नाणी हाताला कळतात. मला एक महिना दे. महिन्याने तू ये, आई एकटी बाजार करून येईल आणि एका रुपयाची चूक होणार नाही. झाली तर तू तिला घेऊन जा, मी अडवणार नाही."

दादा हसला. "तुझी नाणी!" म्हणाला. पण त्याला माझा स्वभाव माहीत आहे, आणि महिना द्यायला तो कबूल झाला.

नाणी हाताला कळतात, हे मी ऐटीत बोलून गेले होते. प्रत्यक्षात सरसकट सगळी कळत नाहीत. रात्री जेवण झाल्यावर मी डबा घेऊन गॅलरीत बसले, डोळे मिटले आणि एकेक नाणं चाचपलं. मधल्या काळातला मोठा रुपया आणि त्यानंतरचे दोन रुपये बोटांना जवळजवळ सारखेच लागतात. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा डोळे बांधून मंडईत सोडायला हवं. पण निवड केली तर काम होत होतं. रुपया घ्यायचा तो सगळ्यांत लहान. दोन रुपये घ्यायचे ते जुने, नकाशावाले, ज्यांना अकरा कोपरे आहेत. दहाच्या नाण्यात दोन धातूंचा सांधा नखाला लागतो. वीसचं नाणं नवं, बारा कोपऱ्यांचं आणि चांगलं रुंद. आणि पाच म्हणजे अर्थातच जाड पाच. ते तर झोपेत हातात दिलं तरी ओळखू येईल. रांगेत लावलेल्यांखेरीज त्या डब्यात एकाच सालाची दोन-दोन, तीन-तीन बरीच होती. ती सगळी मी आईच्या बटव्यात टाकली.

रोज संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत बसायचो. मी भाजीवाली व्हायचे. आई मोजून पैसे द्यायची, मी मुद्दाम चुकीचे परत करायचे. आईला हा खेळ आवडला होता.

"पालक कसा?"

"वीस रुपये जुडी."

"काल पंधरा होती."

"आई, हिशेब शिकतोय आपण. घासाघीस नाही."

"घासाघीस न करता घेतलेल्या भाजीला चव नसते," ती म्हणायची आणि बटव्यातून पंधराच काढायची. पंधरा मात्र बरोबर असायचे.

दुसऱ्या आठवड्यात ती खऱ्या बाजारात जायला लागली. एकदा फरसाणवाला म्हणाला, "आजी, दहाचं नाणं चालत नाही, नोट द्या." आईने विचारलं, "का? काल रात्रीत सरकार बदललं का?" त्याने मुकाट्याने घेतलं. हे मला त्याच्याच शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. मी इतकी खूश झाले की वर्गात त्या दिवशी कोणालाच रागावले नाही.

आणि मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं.

आमच्या सोसायटीत हे हळदीकुंकू बाबा गेल्यानंतरही आईच करते. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि प्रत्येकीची ओटी. मी त्या दिवशी पेपर तपासणीला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बटवा हातात घेतला तो हलका लागला. उघडून बघते तर जाड पाच एकही नाही. उरले होते ते बाजारात सुट्ट्यांत आलेले नवे पिवळे पाच, जे हाताला रुपयाच्या जवळ जातात.

"आई, जाड पाच कुठे गेले?"

"ओटीत घातले," ती सहज म्हणाली. "प्रत्येकीच्या हरभऱ्यांत एकेक. किती बायका आल्या होत्या गं यंदा. वरच्या मजल्यावरच्या नागपूरकडच्या नव्या मुलीही आल्या."

"अगं, ते भाजीला द्यायचे होते! पिवळे घालायचे ना ओटीत!"

"भाजीवालीला कसलेही चालतात. ओटीत चांगलं नाणं घालावं. हातात घेतल्यावर पैसा वाटतो तो."

मी संतापले. खरोखर संतापले, भांडी आपटली. आठवड्यावर परीक्षा आलेली आणि हिने आपली हत्यारं हरभऱ्यांबरोबर वाटून टाकलेली. पण ओटीतलं नाणं परत कसं मागणार? बायका म्हणाल्या असत्या, हिला वेड लागलं. आणि मागायचं नाही, बदलून घ्यायचं नाही, हा तर माझाच नियम. आई मात्र मनातून शांत होती. तिच्या मते सोसायटीतल्या बायकांना यंदा ओटीत मान मिळाला होता.

त्या दुपारी मी कपाटातून रांग काढली. सालवार लावलेली, प्रत्येक नाण्याखाली टांकसाळीची चिठ्ठी. ठिपका, चौकोन, चांदणी, काही नाही. यातली बरीच नाणी मला कुठे मिळाली ते मी आजही सांगू शकते. वारज्याच्या पुलाखाली एका उसाच्या रसवाल्याकडे, पासपोर्टच्या फोटोच्या दुकानात, एका अत्यंत उर्मट रिक्षावाल्याकडे. मी विचार करत फार वेळ घालवला नाही. विचार केला असता तर हात आखडला असता. मी ती सगळी एकत्र ओतून आईच्या बटव्यात टाकली आणि तिला बजावलं, "ही फक्त बाजारात. देवाला, ब्राह्मणाला, सवाष्णीला, कोणालाही नाही." ती हो म्हणाली. ही कुठून आली, असं तिने विचारलं नाही.

रविवारी दादा आला. आई नऊवारी सोडून बऱ्याच वर्षांपूर्वी पाचवारीवर आलेली, पण त्या दिवशी तिने इस्त्रीची नऊवारी नेसली होती. परीक्षा आहे हे तिला पक्कं माहीत होतं. पिशवी घेऊन ती निघाली आणि मी नि दादा तिच्या मागे, अंतर ठेवून. एका उभ्या टेम्पोच्या आड आम्ही दोघं साठीला आलेली माणसं वाकून उभी होतो. खालच्या मजल्यावरचे काका जाता जाता म्हणाले, "चालू द्या. व्यायाम चांगला असतो."

भाजीवालीशी आईने आधी निवांत गप्पा मारल्या. मुलीचं बाळंतपण, गुडघा, ऊन. मग तिने जुडी नाकाशी धरली.

"आजी, सकाळचीच हाय," भाजीवाली म्हणाली. "पालक वीस, कोथमीर पंधरा."

आईने बटव्यात हात घातला. दादाने माझं कोपर धरलं होतं. पहिलं नाणं वीसचं. मग तिची बोटं थांबली, नखाने एक सांधा चाचपला आणि दहा बाहेर आले. मग पाच. जाड पाच, माझ्या रांगेतला. सकाळच्या उन्हात तो भाजीवालीच्या हातात एकदा चमकला आणि तिने न बघता तो पोत्याखाली सारला. कोणत्या सालाचा होता, देव जाणे. छातीत बारीकसं टोचलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

तिथून ती किराणा दुकानात गेली. तोच, खरे पैसे ठेवायला जागा नसलेला. तिने मोहरी घेतली आणि त्याने सुट्टे परत दिले. आईने ते मुठीत फिरवले आणि हात पुन्हा काउंटरवर ठेवला.

"हा रुपया आहे. तुम्ही दोन द्यायला हवे होते."

दुकानदाराने बघितलं. "सॉरी, आजी," तो म्हणाला आणि नाणं बदलून दिलं. मी टेम्पोमागे दादाच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी कॅरममध्ये क्वीन घेतल्यावर घालायचे तसा.

घरी आलो. आईने भाजी ओट्यावर ठेवली, पाय धुतले आणि आमच्या समोर खुर्चीत बसली. दादाने बटवा मागितला नाही, हिशेब विचारला नाही. त्याने सगळं बघितलं होतं.

"मग ठरलं," मी म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच मोठा लागला असेल. "आई इथेच राहते."

"हो," दादा म्हणाला. "बरोबर आहे तुझं. मी हरलो." तो हसायला गेला आणि ते त्याला नीट जमलं नाही.

"ठरलं काय?" आई म्हणाली. "मला कुठे विचारलंत? मी त्याच्याकडे जाणार आहे. पुढच्या रविवारी."

मला आधी वाटलं, ती चेष्टा करतेय.

"मग हा महिनाभर सगळा खटाटोप कशाला केला?"

"उचलून नेलं म्हणून जायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "पाचशेची नोट घालवली म्हणून जायचं नव्हतं. आता मी माझी जाते."

"पण का? तिथे काय आहे?"

"काही नाही. तेच तर." ती दादाच्या दिशेने वळली, थोडी तिरकी, कारण तिला कडेनेच दिसतं. "हा रोज फोन करतो. मी ऐकते. सून होती तेव्हा मागे कुकर वाजायचा, नळ वाहायचा, कोणीतरी ओरडायचं. दोन वर्षं झाली, याच्या घरात कसलाही आवाज नाही. पैसे दिसत नाहीत म्हणतो मला. मी एकटा पडलोय, असं म्हणायला येत नाही त्याला."

दादा उठला आणि गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. दोन वर्षं मी त्याच्याशी आठवड्याला बोलत होते, आणि त्यातलं मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं.

पण तेव्हा मला त्याची दया आली, असं म्हणणार नाही. मला राग आला होता. जिंकल्यावर हातचं गेल्याचा राग. माझी सगळी रांग भाजीवालीच्या पोत्याखाली चालली होती, ती आई इथे राहावी म्हणून.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू खमकी आहेस."

आयुष्यभर सगळे मला हेच म्हणत आले आहेत आणि आयुष्यभर मी ते मिरवत आले. त्या दिवशी मात्र ते मला सहन झालं नाही.

"खमक्या बाईलाही घरी आल्यावर कोणीतरी लागतं, आई."

आईने हात पुढे केला, माझा गुडघा सापडला त्यावर ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर महिनाभर थांबले."

मी चहा ठेवायला उठले. तिथे बसून राहणं मला जमलं नसतं.